बोक्याच्या घरची तक्रार

गल्लीत त्याला सगळे बोका म्हणायचे. एक तर मिशा तशा आणि दुसरं म्हणजे धंदा तसा. घरोघरी जाऊन उंदीर घालवणाऱ्या कंपनीत तो कामाला होता. तोही साधासुधा नव्हे, तिथला सगळ्यात नावाजलेला माणूस. लोक कंपनीला फोन करून सांगायचे, "तो मिशीवालाच पाठवा, दुसरा नको." आणि अशा माणसाच्या घरात उंदीर झाले! हसा, हसून घ्या. फक्त त्याच्या बायकोसमोर हसू नका, तिच्या हातात सदा कात्री असते.

बायको शिवणकाम करायची. गल्ली तिला टेलरबाई म्हणायची, आपणही तेच म्हणू. घराची मागची खोली तिची. खिडकीला लागून मशीन, भिंतीला कापडांचं कपाट, मधोमध बेतायचं लांब टेबल आणि डोक्यावर लाकडी माळा. दुसऱ्यांच्या दुकानात काजं-बटणं करण्यापासून तिनं सुरुवात केली होती. आता लांबलांबून बायका तिच्याकडे माप द्यायला यायच्या आणि शिवलेला कपडा अंगात घालून आरशासमोर उगाच दोनदा वळायच्या. ते वळणं बघायला तिला फार आवडायचं. घरात बाकी कुठेही कुणाचंही चालो, त्या खोलीत तिचं चालायचं.

आणि नेमकी त्याच खोलीत खुडखुड सुरू झाली.

आवाज यायचा दुपारी. मशीन थांबवून ती सुईत दोरा ओवायला घ्यायची आणि डोक्यावर सुरू व्हायचं. आधी खुडखुड, मग काहीतरी सरपटल्यासारखं, मग कुणी चोरून बिस्किटाचा पुडा फोडावा तसं. ती मान वर करून बघायची की सगळं चिडीचूप.

"अहो, माळ्यावर उंदीर आहेत," तिनं जेवताना सांगितलं.

"पाइपचा आवाज असेल," बोका म्हणाला.

"पाइप कागद फाडतो?"

"हवा अडकली की काहीही आवाज येतो त्यातून. बघतो मी." आणि त्यानं भाजी वाढून घेतली.

आता त्याच्या बाजूचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर म्हणाल की मी बायकोच्या बाजूनं बोलतोय. बोलतोच आहे, पण असो. त्यानं स्वयंपाकघरात पिंजरे लावले. ओट्याखाली एक, फ्रिजमागे एक. आत त्याचं खास आमिष ठेवलं. हे आमिष म्हणजे बोक्याचा जीव की प्राण. उंदीर ही भारी संशयी जात. नवं खाणं दिसलं की लगेच तोंड लावत नाही, चार दिवस लांबूनच हुंगते. म्हणून आधी बिनविषाचं खाणं ठेवून त्याची भीड चेपू द्यायची आणि मग पिंजरा लावायचा. हे बिनविषाचं खाणं बोका स्वतःच्या हातानं करायचा. धान्याचा भरडा, शेंगदाण्याचं कूट, थोडं तेल, थोडा गूळ. कंपनीतले बाकीचे त्याच्याकडून वाटीभर मागून न्यायचे. एकदा तर कंपनीच्या साहेबांनी चुकून ते खाल्लं होतं आणि चांगलं लागलं म्हणाले होते.

तर असे दोन पिंजरे लागले आणि रोज सकाळी रिकामे निघाले. बोका पिंजरा उचलून बायकोच्या नाकासमोर धरायचा.

"बघ. दाण्याला धक्का नाही. घरात उंदीर असता ना, तर माझ्या आमिषापासून लांब राहिलाच नसता. शपथेवर सांगतो."

"त्यांना खायला नकोच आहे काही. माझा कापूस जातोय. खांद्यात भरायचा कापूस, चिंध्या. खाली पाडून ठेवते त्या सकाळी नसतात."

"केराबरोबर जात असतील."

"केर मीच काढते."

"मग तूच टाकत असशील." असं म्हणून तो हसला, तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाला, "दिवसभर सुईत डोळे घालतेस, मग भास होतात. जरा आराम कर गं." आणि पिशवी खांद्याला लावून दुसऱ्यांचे उंदीर काढायला निघून गेला.

रागावता येईल असा माणूस असता तर बरं झालं असतं. पण हा जाता जाता तिच्यासाठी चहा गाळून ठेवायचा. रंगीत दोऱ्याचं रीळ संपलं की न सांगता तीच शेड शोधून आणायचा. भांडायला उभं राहावं तर समोर मिशा हलवत हसायचा. तिनं किती वेळा सांगितलं तरी तो या कानानं ऐकायचा आणि त्या कानानं सोडून द्यायचा. स्वतः माळ्यावर चढून बघावं तर तिथे बोक्याचं सामान. नवं लग्न झालं तेव्हाच त्यानं बजावलं होतं, "माझ्या सामानाला हात लावू नको, एखादवेळी विषाला हात लागायचा." ते तिनं आजवर पाळलं होतं. तिनं त्याचं ऐकलं होतं, एवढं ध्यानात असू द्या.

मग आल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. पिशवीतून त्यांनी मोरपंखी रंगाचं रेशमी कापड काढलं. त्यांच्या आईनं कपाटात ठेवून ठेवून जपलेलं. आई गेली आणि आता डॉक्टरीणबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलीला आजीच्या कापडाचाच पोशाख हवा होता. कापड जेमतेम एका पोशाखापुरतं, तसूभरही जास्त नाही.

"बिघडलं तर बाजारात मिळणार नाही हो, टेलरबाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि आईही मिळणार नाही."

टेलरबाईनं कापड दोन्ही हातांवर घेतलं. असं काम आयुष्यात एखादंच येतं. तिला आनंद आणि धास्ती एकदमच वाटली.

मुलीचं माप घेता घेता डॉक्टरीणबाईंनी दुसराच विषय काढला. "अहो, तुमचे मिस्टर आमच्याकडे येऊन गेले मागे. काय ऐकून घेतात हो! आमच्या सासूबाई म्हणजे सुरुवात केली की थांबत नाहीत. आम्ही घरातले सगळे उठून जातो. पण हे आपले जमिनीवर मांडी घालून बसले आणि त्या जे जे म्हणाल्या ते सगळं ऐकलं. मला म्हणाले, घरातल्या बाईला विचारल्याशिवाय मी पिशवी उघडत नाही. उंदीर कुठून येतो ते तिलाच माहीत असतं. सासूबाई तर त्यांच्या प्रेमातच पडल्यात."

टेलरबाईच्या हातातली टेप तिथल्या तिथे थांबली. "हो का?" एवढंच ती म्हणाली. तिला वाईट वाटलं. सरळ सांगायचं तर तिला मत्सर वाटला, आणि तोही कुणाचा, तर डॉक्टरीणबाईंच्या म्हाताऱ्या सासूचा. आपला नवरा मांडी घालून बसतो, ऐकतो, मान हलवतो, हे तिला परक्या बाईकडून कळलं होतं.

एकदोन दिवसांत जे व्हायचं तेच झालं. रेशमी कापड तिनं जुन्या चादरीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं होतं. सकाळी बेतायला काढलं तर चादरीचा कोपरा कुरतडलेला.  टेबलाचा आधार घेऊन तिनं घडी उलगडली. एक पदर, दुसरा पदर. रेशमाला काही झालं नव्हतं. एका पदराचं अंतर राहिलं होतं, बस. तिनं कापड स्वयंपाकघरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात ठेवलं, वर झाकण घातलं, झाकणावर इस्त्री ठेवली आणि मग खाली बसून रडली.

तिच्या थोरल्या बहिणीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज ऐकूनच ताईनं ओळखलं. ताईचा तोडगा तयारच होता. "माझी वरची खोली रिकामीच आहे. मशीन आण, कपाट आण, सगळं आण. रोज येत जा इकडे. उद्या सकाळी टेम्पो पाठवते." ताईचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. टेलरबाई "बघते" म्हणाली. पण एकदा मशीन उचललं की ते परत यायचं नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि न उचलावं तर डॉक्टरीणबाईंच्या आईचं कापड उंदरांच्या तोंडी.

रात्री तिनं नवऱ्याला पुन्हा सांगून पाहिलं. चादर दाखवली. तो दमून आलेला होता. "जुनीच होती ना चादर?" म्हणाला, पुढचं ती जे सांगत होती त्याला नुसतं "हं" केलं आणि घोरू लागला.

दुसऱ्या दिवशी बोका कामावर गेला तशी तिनं आधी ताईला कळवलं, टेम्पो सकाळी नको, संध्याकाळी पाठव. मग दुसरा फोन लावला. कुठे? कंपनीत. नवऱ्याच्याच!

फोनवर नवी मुलगी होती. टेलरबाईनं आपलं माहेरचं नाव सांगितलं, घराचा पत्ता सांगितला. घरात उंदीर, माळ्यावर आवाज, कपडा कुरतडतात.

"घाबरू नका हं काकू," मुलगी गोड आवाजात म्हणाली. "आमचा सगळ्यात चांगला माणूस पाठवते. ते मिशीवाले. फार छान ऐकून घेतात."

"असं मी पण ऐकलंय," टेलरबाई म्हणाली. "त्यालाच पाठवा."

मग तिनं पुढच्या दाराला आतून कडी घातली, तोंड धुतलं, चांगली साडी नेसली आणि खुर्चीत बसून राहिली. हाताशी काम नसताना बसायची सवय नव्हती. पदराचं टोक पिळून पिळून तिनं पार दोरी केली. मधे मोबाइल वाजला. नवऱ्याचा होता. तिनं घेतला नाही. पुन्हा वाजला, पुन्हा नाही घेतला. तिसऱ्यांदा वाजायच्या ऐवजी दारात किल्ली फिरली आणि दार कडीला अडकलं.

"अगं, दार उघड!"

"कोण आहे?"

"मी!"

"मी कोण?"

 मग जरा खालच्या आवाजात, "अगं, ऑफिसनं काहीतरी घोळ घातलाय, आपलाच पत्ता दिलाय मला. उघड ना, शेजारी बघतायत."

टेलरबाईनं दार फटीएवढं उघडलं. समोर कंपनीचा निळा सदरा, कंपनीची टोपी, खांद्याला पिशवी, आणि टोपीखाली तिचा नवरा.

"घोळ नाही," ती म्हणाली. "तक्रार मीच केलीय. आता मला सांगा, कंपनीचा माणूस आलाय की माझा नवरा आलाय? नवरा असेल तर त्याला म्हणावं, संध्याकाळी ये."

 हसायचं की चिडायचं ते बोक्याला कळेना. पण तिच्या डोळ्यांकडे बघितल्यावर हसायचं नाही एवढं कळलं. समोरच्या गॅलरीत शेजारीणबाई वाळत घातलेला एकच टॉवेल पुन्हा पुन्हा झटकत उभ्या होत्या. बोक्यानं टोपी सरळ केली, घसा साफ केला.

"कंपनीकडून आलोय, बाई," तो म्हणाला. "तुमच्याकडे उंदरांचा त्रास आहे म्हणे."

"या ना, भा—" सवयीनं भाऊ म्हणायचं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं, ते तिनं कसंबसं गिळलं. "या. आत या."

लग्न झाल्यापासून त्यानं तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. कशाला म्हणेल? तिला मजा वाटली आणि त्याच वेळी अंगावर काटाही आला.

तो मागच्या खोलीत गेला. पिशवी दाराशी ठेवली, चपला बाहेर काढल्या आणि जमिनीवर मांडी घालून बसला. हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळं. त्यानं खोलीभर नजर फिरवली. त्याच खोलीत तो रोज टॉवेल घ्यायला जायचा, पण आज बघत होता ते पहिल्यांदाच आल्यासारखं. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "हं. बोला बाई. पहिल्यापासून सांगा. मला घाई नाही."

आणि टेलरबाईला बोलताच येईना! एवढे दिवस मनात घोकलेलं सगळं ती ऐनवेळी विसरली. तो थांबला. मोबाइल काढला नाही, घड्याळ बघितलं नाही, नुसता थांबला.

"आवाज दुपारी येतो," शेवटी ती म्हणाली.

"दुपारी? नक्की?"

"मशीन थांबलं की. चालू असेपर्यंत नाही. मला वाटतं, मशीनच्या धडधडीला ते बुजतात, आणि थांबलं की कामाला लागतात."

त्यानं मान हलवली. "कुठून कुठे जातो आवाज?"

तिनं बोट वर केलं. "त्या कोपऱ्यात सुरू होतो, न्हाणीघराच्या भिंतीकडे. तिथून इकडे येतो, मशीनच्या वर. मग बराच वेळ तिथेच. कागद फाडल्यासारखा."

"जातं काय काय?"

"खाण्याचं काहीच नाही. टेबलावर बिस्किटं राहिली होती, त्यांना तोंड लावलं नाही. कापूस जातो, चिंध्या जातात. मऊ मऊ तेवढंच नेतात. खरबरीत तागाचं कापड खाली पडलं होतं, ते तसंच राहिलं."

बोका हळूहळू पुढे वाकला. त्याच्या मिशा खरंच बोक्यासारख्या ताठल्या. "बिस्किटं सोडली? म्हणजे पोट भरलेलंय त्यांचं," तो स्वतःशीच पुटपुटला. "कुठेतरी भरपूर खायला मिळतंय आणि घरटं बांधायचं चाललंय." मग तोंडात बसलेला पुढचा प्रश्न त्यानं विचारला, जो तो प्रत्येक घरी विचारत असे. "हे सगळं घरात आधी कुणाला सांगितलं होतंत का?"

"सांगितलं होतं."

"कुणाला?"

"नवऱ्याला."

बोक्याच्या ताठलेल्या मिशा खाली आल्या. 

"मग?" त्यानं विचारलं. आवाज पार उतरला होता.

"पाइपचा आवाज आहे म्हणाला. मग म्हणाला, केराबरोबर जात असेल. मग म्हणाला, भास होतात तुला." ती आता थांबेना. "परक्या घरी मांडी घालून बसतो म्हणे. म्हाताऱ्यांची रडगाणी ऐकतो. मी याची बायको, मी याच्या ताटात वाढते, आणि माझ्यापेक्षा याचा विश्वास रिकाम्या पिंजऱ्यावर!"

बोका जमिनीकडे बघत राहिला. टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली आणि पुन्हा घातली. तिला त्याची दया आली. तरी तिनं ते दाखवलं नाही, आणि बरं केलं.

"चुकलं त्याचं," तो म्हणाला. "फार चुकलं."

मग तो उठला, शिडी लावली आणि माळ्यावर चढला. टॉर्चचा उजेड इकडे फिरला, तिकडे फिरला. आधी न्हाणीघराच्या भिंतीकडून आवाज आला, "पाइपाच्या कडेला भोक आहे. मुठीएवढं." मग तो गुडघ्यांवर सरकत मशीनच्या वर आला. आणि तिथेच थांबला.

"काय झालं?" तिनं खालून विचारलं.

वर टॉर्चचा उजेड एकाच जागी स्थिर झाला.

"अहो, काय आहे तिथे?"

"माझी गोणी," माळ्यावरून आवाज आला.

ही गोणी कसली, ते सांगतो. कंपनीच्या गोदामात ओल होती, बोक्याच्या लाडक्या आमिषाला तिथे बुरशी यायची. म्हणून तो गोणीभर आमिष घरीच करून ठेवायचा. माळ्यावर, कोरड्यात, बायकोच्या मशीनच्या बरोबर डोक्यावर. मागच्या बाजूनं गोणी फाडलेली होती, आतलं निम्मंअधिक गायब. गावातले उंदीर ज्याच्यासाठी जीव टाकतात ते खाणं बोक्यानं आपल्याच घरात गोणीनं वाढून ठेवलं होतं, आणि खाली ओट्याखालच्या पिंजऱ्यात त्यातलंच चिमूटभर ठेवून उंदीर का येत नाही म्हणून घरात उंदीरच नाही असं ठरवलं होतं. ज्याच्या घरी पंगत बसलीय, तो पिंजऱ्यात कशाला जाईल? ही चूक दुसऱ्या कुणाला जमलीच नसती. त्यासाठी माणूस आपल्या कामात एवढा हुशार असावा लागतो.

टेलरबाईला कळायला क्षणभर लागला. मग ती हसू लागली. तोंडावर पदर दाबला तरी थांबेना, खुर्ची धरून खाली बसली. माळ्याच्या कडेला बोक्याचं धुळीनं माखलेलं तोंड दिसलं.

"हस, हस," तो म्हणाला. "गोणीमागे घरटंही आहे. हे बघ."

दोन्ही हातांनी धरून त्यानं ते खाली दिलं. पिल्लं अजून झाली नव्हती, त्याबद्दल तिनं मनातल्या मनात आभार मानले. टोपलीएवढा मऊ गोळा होता, आणि त्यात तिची सगळी गिऱ्हाइकं होती. हा बँकेतल्या बाईंच्या कोटाचा अस्तराचा तुकडा. ही शाळेच्या गणवेशाची पट्टी. हा शेजारीणबाईंच्या पडद्याचा पिवळा काठ. मधे मोरपंखी चमकलं आणि तिचं हसू विझलं.

ती स्वयंपाकघरात धावली. इस्त्री बाजूला, झाकण बाजूला, कापड बाहेर. हाताला पुन्हा पुन्हा लावून सगळे काठ पाहिले. कापड जसंच्या तसं होतं. घरट्यातला तुकडा म्हणजे काठाचे सुटलेले दोरे, कापड आलं त्या दिवशी तिनंच कात्रीनं काढून खाली टाकलेले. तिनं श्वास सोडला तेव्हा लक्षात आलं की मागे बोका उभा आहे, हातात झाडू, चेहरा पांढराफटक.

"ठीक आहे ना ते?"

"ठीक आहे."

"डॉक्टरीणबाईंच्या आईचं ना?"

"ऐकलं होतंत वाटतं तेवढं."

"आत्ता आठवलं," तो ओशाळून म्हणाला.

पुढचं काम त्याच्या हातचं होतं. गोणी प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून बाहेर गेली. पाइपाच्या कडेला तारेची जाळी ठोकली गेली आणि वर सिमेंट. "जे आत अडकलेत ते आता माळ्यावरच," तो म्हणाला. मग पिंजरा घेऊन थबकला. "आत ठेवू काय? खाण्याला तर विटलेत."

"मला विचारताय?"

"तुम्हालाच विचारतोय, बाई."

तिनं डब्यातून खांद्यात भरायचा कापूस काढला, चांगला पिंजून मऊ केला आणि त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो पिंजऱ्याच्या आकड्याला बांधला. बांधताना दोनदा तिच्याकडे बघितलं, ती मान हलवेपर्यंत. मग पिंजरा माळ्यावर, गोणीच्या जागी ठेवला.

मग चहा झाला. दोघं मागच्या खोलीत बसली, मशीन बंद, माळा डोक्यावर, दोघांचे कान तिकडेच. पहिल्यांदा हळूच खुडखुड झाली. बोक्यानं कप तसाच धरला. ती भिवया उंचावून त्याच्याकडे बघत होती, म्हणजे, ऐका आता तुमचा पाइप. खुडखुड मशीनच्या वर आली, थांबली, आणि खाट्कन पिंजऱ्याचं दार पडलं.

"सापडला!" बोका लहान मुलासारखा ओरडला. "कापसाला सापडला! अगं, सगळं बरोबर होतं तुझं! पहिल्यापासून!"

तेवढ्यात मोबाइल वाजला. ताईचा. टेलरबाईनं कानाला लावला, पण ताईचा आवाज असा की शेजारच्या खोलीतही ऐकू जावा. "टेम्पोवाला निघालाय गं. मशीन बाहेर काढायला माणसं हवीत का?"

टेलरबाई माळ्याकडे बघत म्हणाली, "नको ताई. परत बोलाव त्याला. मशीन इथेच राहील." आणि फोन ठेवला.

बोक्याच्या चेहऱ्यावरचा आनंद जागच्या जागी थिजला. "टेम्पो? मशीन कुठे चाललं होतं?"

"ताईकडे. आज संध्याकाळी. रोज तिकडेच जाणार होते कामाला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"रात्री सांगितलं ना. चादर दाखवली तेव्हा. उद्या मी मशीन ताईकडे हलवते म्हटलं. तुम्ही 'हं' म्हणालात."

तो 'हं' त्याला आठवत नव्हता. आठवण्यासारखं त्यात काय होतं? असे 'हं' त्यानं दिवसाला किती दिले असतील. त्यानं रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आणि संध्याकाळी घरी आल्यावर ही खोली मोकळी दिसली असती हे त्याला तेव्हा कुठे उमगलं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली.

"आणखी काय काय सांगितलं होतंस," त्यानं विचारलं, "जे मी ऐकलंच नाही?"

"पुष्कळ आहे."

"सांग."

"वेळ लागेल. तुम्हाला पुढच्या घरी जायचं असेल."

त्यानं मोबाइल काढून ऑफिसला लावला. त्या गोड आवाजाच्या मुलीला म्हणाला, "आजच्या पुढच्या तक्रारी दुसऱ्या कुणाला द्या. नाही, उंदीर सापडला. पण इथलं काम मोठं निघालंय. आज दिवसभर मी इथेच आहे." मोबाइल बंद करून त्यानं लांब सरकवला आणि तिच्या खुर्चीसमोर जमिनीवर मांडी घातली.

 टेलरबाईनं पदर सारखा केला, खिडकीबाहेर पाहिलं.

"माझा हा डावा खांदा दुखतो," ती म्हणाली. "बरेच दिवस झाले. हात वर केला की कळ येते. मशीन सोडावं लागेल की काय, अशी भीती वाटते मला. कुणाला बोलले नाही."

बोका ताडकन उठला. "अगं, मग मलम आणतो ना! डॉक्टरकडे जाऊ, आत्ताच जाऊ, मी रिक्षा—"

"उठू नका," ती म्हणाली आणि त्याच्या बाहीला धरून त्याला खाली ओढलं. "डॉक्टरकडे उद्या जाऊ. आधी ऐका."

बोका पुन्हा खाली बसला.